कोटाशिवाय लावलेलं धनुष्य

नोव्हेंबरातला पहिला मंगळवार, पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं. मार्लिस झास्ट्रो एका गिऱ्हाइकाच्या धनुष्याच्या दोरीला अर्धा पीळ देत होती. दोन्ही टोकांना चाकं असलेलं शिकारीचं धनुष्य प्रेसमध्ये दाबून धरलेलं, वरचं चाक खालच्या चाकाच्या केसभर मागे पडत होतं. अर्धा पीळ पुरला. तिनं प्रेस सैल केला, दोरी ओढून पाहिली आणि दोन्ही चाकं एकाच क्षणी थांबली तेव्हा ते धनुष्य खुंटीला लावून पुढचं काढलं.

मार्लिस एकसष्ट वर्षांची. तिचं दुकान म्हणजे वडिलांचा दुधाचा गोठा. गायी १९९६ साली विकल्या, त्यांच्या मानेचे लोखंडी अडसर अजून जागेवर आहेत आणि त्यांना आता धनुष्यं टांगलेली असतात. गोठ्याच्या लांबीत वीस यार्डांवर निशाण बसतं. कामगार कारखान्याच्या पाळीआधी येतात म्हणून दुकान सहाला उघडतं. एल्रॉय बुडझिन्स्की मात्र साडेपाचलाच येऊन शेगडीजवळ बसलेला असतो. वय चौऱ्याऐंशी, मार्लिसच्या वडिलांचा शिकारीतला जोडीदार. त्याला कुठलं धनुष्य लावून, जुळवून घ्यायचं नसतं. कॉफी फुकट असते.

दार न ठोठावता डुएन आत आला. मार्लिसचा धाकटा भाऊ, रस्त्याच्या पलीकडच्या घरात राहणारा. त्यानं धनुष्याची पेटी टेबलावर आपटली.

"हे घे तुझं पाप."

"बूट पूस."

"गोठ्यात यायला बूट पुसायचे?"

"गोठा बाबांच्या वेळी होता. पूस."

डुएननं बूट पुसले नाहीत. जाड कोट तेवढा काढून एका अडसराला अडकवला, कारण शेगडी जोरात पेटली होती.

काय झालं होतं ते मार्लिसला सोमवारी रात्रीपर्यंत तिघांनी फोन करून सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी डुएनच्या मचाणाखाली आठ टोकांच्या शिंगांचा नर आला. चोवीस यार्ड, आडवा उभा, तोंड उजवीकडे. डुएननं खांद्यामागे नेम धरला आणि बाण हातभर डावीकडे, मागच्या मांडीत लागला. दोन दिवस शोधून सापडली ती फक्त मोडलेल्या बाणाची मागची लांब काडी. रविवारी चर्चबाहेर आणि सोमवारी गुत्त्यात डुएननं एकच गोष्ट सांगितली: मार्लिसनं धनुष्य बिघडवून दिलं.

हे नुसतं बदनामीपुरतं असतं तर मार्लिसनं दुर्लक्ष केलं असतं. पण झास्ट्रोंच्या घरात एक नियम होता, वडिलांनी, हर्मन झास्ट्रोंनी घातलेला. नेम चुकला तर शर्टाचं मागचं शेपूट कापून तुळईला ठोकायचं. गोठ्याच्या तुळईवर अशी एकोणीस शेपटं होती. त्यातली सात डुएनची, चार मार्लिसची. आणि रक्त काढून जनावर हरवलं, तर हंगामाचा टॅग शेगडीत. त्या वर्षी पुन्हा रानात पाय ठेवायचा नाही. सरकारला हा नियम ठाऊक नाही. टॅग म्हणजे त्या हंगामात एक हरीण मारायचा परवाना, हल्ली घरी छापलेला साधा कागद, हवा तर पुन्हा छापता येतो. आजवर कुणी छापला नव्हता.

"बाबांचा नियम चुकणाऱ्याला आहे," डुएन म्हणाला. "चुकलीस तू. तेव्हा टॅग तुझा जाईल. शुक्रवारी माझ्या रानात दिसू नकोस."

रान डुएनच्या नावावर होतं. पण उत्तरेचं मचाण मार्लिसनं वडिलांबरोबर स्वतः बांधलं होतं आणि चौतीस वर्षं तिथे तीच बसत आली होती. जुलैपासून ती लोकांची धनुष्यं लावते. स्वतःसाठी वर्षाला पाच दिवस, शुक्रवार ते मंगळवार, नर माद्यांमागे वेडे होऊन दिवसाढवळ्या फिरतात तेव्हाचे. दाराच्या पाटीवर तिनं खडूनं लिहूनही ठेवलं होतं: शुक्रवार ते मंगळवार बंद.

"धनुष्य बिघडलंय हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"हरणानं."

"हरीण तर तुला सापडलं नाही."

एल्रॉय कॉफीत खोकला.

मार्लिसनं लाकडी चौकट पुढे ओढली. तिच्यात वर्तमानपत्राचा कागद ताणलेला असतो. दोन पावलांवरून बाण कागदातून मारायचा आणि भोक वाचायचं. बाण सरळ निघाला तर भोक गोल पडतं, भोवती तीन पिसांच्या तीन चिरा. बाणाचं शेपूट हललं तर कागद त्या बाजूला फाटतो. फाटलेला कागद नातं बघत नाही.

"मार."

डुएननं शर्टातच धनुष्य ओढलं आणि बाण मारला. भोक गोल. दुसरा, तिसरा, तसेच. एकाला कडेला नखाएवढी फट, बस.

"बिघडलंय म्हणे," मार्लिस म्हणाली.

"मला कागद नाही मारायचाय, हरीण मारायचंय."

"तो बाण इकडे दे."

नखाएवढी फट तिच्या डोळ्यांतून सुटली नव्हती. तिनं बाण काट्यावर ठेवला. धारदार पात्यासकट तीनशे अठ्ठ्याऐंशी ग्रेन, म्हणजे पंचवीस ग्रॅम. जुलैमध्ये तिनं त्याला सहा बाण बांधून दिले होते, प्रत्येक चारशे अडुसष्ट ग्रेनचा, सहांत दोन ग्रेनचाही फरक नव्हता.

"माझे कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये. जड आहेत. हळू जातात."

"आणि हे?"

"शहरातून आणले. सेकंदाला पंचवीस फूट जास्त. दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली दबतं, त्याच्या आत बाण पोचायला पाहिजे."

"चोवीस यार्डांवर? तेवढ्यात तुझं हरीण दबतं, उठतं आणि टोपी घालून जातं की काय?"

"तुला वेग काय कळतो? तू अजून बाबांच्या काळात आहेस."

"बाबांच्या काळात हरणं घरी यायची."

तिनं कोपऱ्यातली प्लायवूडची फळी काढून निशाणापुढे उभी केली. डुएननं हलका बाण मारला. तो फळीत शिरला आणि लटकला. पलीकडे पात्याचं टोक जेमतेम दिसत होतं. मग मार्लिसनं त्याच मापाचा चारशे सत्तर ग्रेनचा बाण आणि तसंच पातं त्याच्या हातात दिलं. तो फळी फोडून वीतभर पलीकडे गेला. धनुष्य तेच, हात तोच.

तिनं पेटीतली मोडलेली काडी काढून टेबलावर ठेवली. मोडलेल्या टोकाला रक्त होतं, चारच बोटं.

"हाडावर थांबला तुझा. पलीकडे भोक नाही, म्हणून जमिनीवर रक्त नाही, म्हणून माग नाही. वेग पाहिजे होता ना? मिळाला."

डुएन बाण उपटायला गेला, पातं लाकडात अडकलं होतं, त्यानं दोनदा शिवी घातली.

"टॅग खिशात आहे की घरी?" एल्रॉयनं विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

इथेच संपलं असतं. मार्लिस जिंकली होती, साक्षीदार समोर होता आणि नऊच्या आत गावाला कळलं असतं. पण एक गोष्ट डुएननं विचारली नव्हती आणि ती मार्लिसला स्वस्थ बसू देईना. बाण आत का थांबला, ते वजनानं सांगितलं. मुळात तो हातभर डावीकडे का गेला, ते वजनानं सांगितलं नव्हतं. नखाएवढ्या फटीनं बाण एवढा वळत नाही.

तिची नजर अडसराला लटकलेल्या कोटावर गेली. डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली, एक चकचकीत पट्टा उठला होता. बोटाएवढा रुंद, सरळ. दोरी घासली की कापड असंच चकाकतं.

तिला जुलै आठवला. डुएन अर्ध्या बाहीचा बनियन घालून आला होता. तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर तीस वर्षांपासून तिच्याच अक्षरात पाटी आहे: 'ज्या कपड्यात शिकार, त्याच कपड्यात माप. कोटाशिवाय धनुष्य लावून मिळणार नाही.' उकाड्यात गिऱ्हाइकं कुरकुरतात, ती त्यांना परत पाठवते. पाद्र्यालाही पाठवलं होतं. डुएनला पाठवलं असतं तर तो पुन्हा आला असता, आणि एका आठवड्यात त्याला दोनदा बघायची तिची तयारी नव्हती. तिनं तीन बाण मारून घेतले आणि त्याला बाहेर काढलं.

तो पट्टा डुएनला दिसला नव्हता. एल्रॉयला शेगडीपलीकडचं धड दिसत नाही.

मार्लिसनं कोट काढला आणि डुएनच्या अंगावर फेकला.

"घाल."

"आता काय?"

"घाल म्हटलं ना. बटणं लाव. शनिवारी जशी लावली होतीस तशी. आणि मार."

दोरी बाहीवर सपकन बसली, आवाज एल्रॉयलाही ऐकू गेला. कागद उजवीकडे दीड इंच फाटला होता. बाणाचं शेपूट उजवीकडे, म्हणजे तोंड डावीकडे, आणि पुढे रुंद पातं असलं की ते हवा धरतं आणि बाणाला तिकडेच नेतं. डुएननं फाटलेला कागद पाहिला. मग भिंतीवरची पाटी पाहिली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"मला कोटात नाही मापलंस तू."

"नाही मापलं."

"का?"

"तू नकोसा होतास म्हणून."

"ऐकलंत एल्रॉय? स्वतःच्या तोंडानं बोलली. आता हेच गुत्त्यात येऊन सांग. आणि टॅग काढ."

"काढते," मार्लिस म्हणाली. गल्ल्याखालून तिनं घडी घातलेला कागद काढला. "बाण डावीकडे गेला तो माझ्यामुळे. आत राहिला तो तुझ्यामुळे. माझा बाण असता तर पलीकडे निघाला असता आणि रविवारी सकाळी तू त्या नरापाशी उभा असतास. माझा जाईल. तुझाही जाईल."

"नियम एकाला आहे."

"नियम रक्ताला आहे," एल्रॉय म्हणाला. "त्र्याऐंशी साली हर्मननं त्याचा जाळला. हंगामाचा दुसरा दिवस. ढकलणारा मी होतो, बाण सुटताना त्याच्या खांद्याला माझा धक्का लागला होता. त्यानं आधी स्वतःचा टाकला. मग माझ्याकडे बघत बसला. मी टाकेपर्यंत जेवला नाही, हरामखोर."

"हे बाबांनी कधी सांगितलं नाही," डुएन म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. तू फक्त रान विचारलंस."

मार्लिसनं आकड्यानं शेगडीचं झाकण उघडलं, कागद आत टाकला आणि झाकण तसंच धरून ठेवलं.

"लवकर कर. ऊब जातेय."

दोन दिवस डुएननं गावभर जे सांगितलं होतं त्याचा दुसरा अर्धा भाग एल्रॉय आज सांगणार होता, यात शंका नव्हती. टॅग न जाळता रानात जाणारा झास्ट्रो म्हणून उरलेली वर्षं त्याच गुत्त्यात बसावं लागलं असतं. त्यानं पाकीट काढलं, कागद चुरगळला आणि शेगडीत असा फेकला की राख बाहेर उडाली.

"पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेचं मचाण उतरवतोय मी," तो म्हणाला. "सरपणाला."

"खिळे माझे आहेत. मोजून आण."

त्यानं धनुष्य पेटीत घालायला घेतलं. मार्लिसनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

"चुकीचं लावलेलं इथून बाहेर जात नाही."

"हंगाम संपला माझा. आता काय उपयोग?"

"उपयोग तुझा नाही. नाव माझं आहे. कोट काढू नकोस."

तिनं चाकातला ओढ ठरवणारा तुकडा बदलला, ओढ अर्ध्या इंचानं कमी केली, दोरी बाहीपासून दूर गेली. बाहीला चामड्याचा पट्टा बांधून दिला. डुएननं कोटात चार बाण मारले, चारशे सत्तरचे. चार गोल भोकं. सहा पंचवीसला तो गेला, दार उघडं टाकून. आभार मानण्याची पद्धत त्या घरात नव्हतीच.

"पुन्हा छापशील का टॅग?" एल्रॉयनं विचारलं.

मार्लिसनं दार लावलं आणि पाटीवरचं 'शुक्रवार ते मंगळवार बंद' तळहातानं पुसलं. मग सहाला यायचं असलेलं गिऱ्हाईक उशीर झाला म्हणून माफी मागत आत आलं, तर तिनं त्याला आधी बूट पुसायला लावले आणि मग विचारलं, कोट कुठाय. गाडीत होता. तो आणायला परत गेला.

शुक्रवारीही दुकान सहाला उघडेल. पाटीवर पहिलं नाव ग्लेंडा रुस्का या गिऱ्हाइकाचं आहे, सहा दहाला: सहा बाण, तीनशे नव्वदवरून चारशे पासष्ट ग्रेनवर न्यायचे. नावापुढे खडूनं लिहिलंय: कोट, हातमोजे, टोपी.