अस्वल हवेत थांबतं तेव्हा

लग्न होऊन आमच्या मस्तगडच्या घरी आल्यापासून माझी बायको हसली नव्हती. वाटूरच्या भरल्या घरातली पोर ती. मी निजामाच्या राज्यात गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमाची मशीन चालवायचो. घरी कमी, बाहेर जास्त. तिच्या गप्प राहण्याचा दोष माझाच, असं वाटायचं. आता पन्नाशीतही वाटतं.

मोठ्या सिनेमाआधी आम्ही अमेरिकेचं एक कार्टून दाखवायचो. अस्वल ज्या फांदीवर बसलंय, तीच करवतीनं कापतं. फांदी पडते. अस्वल मात्र हवेत तसंच बसून आपल्याकडं बघत राहतं, मग धपकन खाली. तंबू हसून लोळायचा. ते रचणाऱ्या दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला यायचं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांचा आकार ओळखायचो. त्याची रिळं आली की जीव हरखायचा.

बदनापूरला तंबू लागला, तेव्हा बायकोला न्यायचं ठरवलं. "पोट दुखंस्तोवर हसशील," म्हणालो.

"बघू," ती म्हणाली.

नेमकं त्या सकाळी रीळ तुटलं. जोडताना उजेडात धरलं, तर हवेतल्या अस्वलाचं एकच चित्र ओळीनं कितीतरी वेळा. मला ती उगाच केलेली भरती वाटली. जोड साफ बसावा म्हणून त्यातली बरीच कापून टाकली.

संध्याकाळी फांदी पडली आणि अस्वलही लगेच पडलं. कुणी हसलं नाही. परतताना ती म्हणाली, "पडलं बिचारं. त्यात हसायचं काय?"

दुसऱ्या दिवशी उमगलं. त्या माणसानं हसू थांबण्यात ठेवलं होतं आणि मी तेच कापलं होतं. तुकडे डब्यात पडलेले होते. सगळे सारखेच, म्हणून कुठला आधी याची भीती नव्हती. एकेक जोडत बसलो.

तंबूचा मालक ओरडला, "अरे, मशीनवाला हाय का गोधडी शिवून राह्यला?"

तिला पुन्हा चल म्हणून विनवलं.

"परत तेच अस्वल?"

"तेच. पण आज जल्दी पडणार न्हाई."

अस्वल हवेत थांबलं. जोडांवर सिनेमातला बाजा अडखळला, तरी ते बघतच राहिलं. तंबू खदखदला. कनातीपलीकडं वेगळ्या बसलेल्या बायकांचं हसू आलं. मी कान लावला, पण त्यात तिचं कोणतं ते ओळखता येईना. कधी ऐकलंच नव्हतं.

खेळ सुटल्यावर ती तोंडाला पदर लावून आली. "मेलं, माझ्याकडंच बघत व्हतं," म्हणाली आणि पुन्हा हसली.