जॉबरमामांची मनातली प्रार्थना

जॉबरमामा मनातल्या मनात प्रार्थना करायचे आणि ती अख्ख्या चर्चला ऐकू यायची. पस्तीस वर्षं सोलापुरातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले होते. आपण पुटपुटतोय अशी त्यांची समजूत. रविवारी पाळकसाहेबांनी मूक प्रार्थनेला माना खाली घालायला सांगितलं, की मामांच्या घरची खबरबात आम्हाला बसल्या जागी कळायची. त्यांच्या बायकोला, मार्थामामींना, हे पक्कं ठाऊक. बायकांच्या बाजूला त्या माझ्या शेजारी बसत. मामांना कुणी सांगायचं नाही, अशी त्यांची सगळ्यांना ताकीद होती. "माणसांशी बोलायची पंचाईत झाली त्येंची. देवाशी तरी मोकळं बोलू दे की," असं त्या म्हणायच्या.

मामा जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून देणारे. कारखान्यात जसं काम तशी माणसाला हाक, तोच कायदा त्यांनी प्रभूलाही लावला होता. वीज गेली की 'जगाच्या प्रकाशा', मामींशी वाजलं की 'शांतीच्या अधिपती'. एकदा 'जिवंत पाण्याच्या झऱ्या' अशी सुरुवात करून, चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी शेजारी मोटर लावून ओढतो, हे त्यांनी प्रभूच्या कानावर घातलं. शेजारी पुढच्याच बाकावर बसला होता. सोमवारी मोटर निघाली. मामा मला म्हणाले, "बघ पोरी, हाक बरोबर मारली की येणारा बरोबर हत्यार घेऊन येतो."

मी हसून घेतलं. मी शाळेत शिक्षिका. माझा देवावरचा भरवसा तेव्हा बदलीच्या अर्जापुरताच होता.

मग मामींच्या पोटात गाठ निघाली. मूलबाळ नव्हतं, म्हणून डॉक्टरांकडे मामांनी मला नेलं. मागावरची माणसं ओठ वाचतात. मामांना माझं बोलणं तसं कळायचं. पण कॅन्सर हा शब्द माझ्या तोंडून निघेना. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तो कागदावर लिहिला. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मामी भेदरून जातील, त्यांना साधी गाठ आहे म्हणून सांगायचं, असं त्यांनी मला बजावलं. मी कबूल झाले. रविवारचा विचार त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझ्या तरी डोक्यात यायला हवा होता, आणि आला नाही, याची बोच अजून आहे.

त्या रविवारी मामांनी डोळे मिटले. "महान वैद्या, मार्थाला कॅन्सर हाय. मी तिला सांगितलं न्हाय. तूबी सांगू नगंस."

मामींकडे बघायची माझी छाती झाली नाही. त्यांनीच माझा हात धरला, पदर तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "मला काय कळलं न्हाय, बरं का."

पुढचे सात महिने त्यांनी साध्या गाठीची बाई म्हणूनच संसार केला. केस गेले, तेव्हा औषध उष्ण पडलं असं मामांनी सांगितलं. व्हय, उष्णच हाय, म्हणत त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. पाळकसाहेबांपासून संडे स्कूलच्या पोरांपर्यंत कुणीही तोंड उघडलं नाही. आमच्या चर्चमध्ये एवढी गोष्ट पोटात राहिली, हाही एक चमत्कारच म्हणायचा.

दर रविवारी हाक महान वैद्यालाच असे. मग एका रविवारी ती बदलली. "इम्मानुएला," मामा म्हणाले, "आता हत्यार आणू नगंस. रिकाम्या हातानं ये. नुस्ता बस आमच्यापाशी."

इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. मामी पदराआडून म्हणाल्या, "म्हंजे झालं माझं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं झालं त्येला बोलावलं. माझ्यामागं ह्येंच्यापाशी कुणीतरी बसाय पायजे की."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. मला राग आला होता. वैद्य म्हणून इतक्या हाका मारल्या, त्या कुठे गेल्या? तो राग अजून सगळा गेलेला नाही. मामांनी मात्र एका शब्दानं तक्रार केली नाही. दफनाच्या वेळी आपल्या शेजारी कुणाला तरी जागा ठेवल्यासारखे ते थोडे सरकून उभे होते.

नंतरच्या रविवारी मूक प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

"इम्मानुएला, तुजे लई उपकार," मामांचा आवाज आला. "मार्थाला शेवटपर्यंत काय कळू दिलं न्हाईस."

मागे कुणीतरी हुंदका दाबला. मामांनी डोळे उघडले, बायकांच्या बाजूला मला शोधलं, आणि आपण हळूच विचारतोय अशा समजुतीनं विचारलं, "न्हाय ना गं कळलं तिला?"

मी तोंडावरचा रुमाल काढला, उभी राहिले आणि त्यांना नीट दिसतील असे ओठ हलवून म्हणाले, "नाही मामा. नाही कळलं."

देवाच्या घरात मी धडधडीत खोटं बोलले, आणि माझ्या पाठोपाठ अख्ख्या चर्चनं आमेन म्हटलं.