डिकीचा उजवा कोपरा

गल्लीच्या तोंडाशी गाड्यांना सीटकव्हर, हॉर्न, स्पॉयलर असलं काहीबाही बसवून देणारं दुकान आहे. त्याच्या मालकाला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'चोवीस तास' म्हणतात. म्हणून दुकान चोवीस तास उघडं असतं असं कुणी समजू नये. दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली असतं आणि आतून घोरणं ऐकू येतं. नाव पडलं ते त्याच्या हट्टामुळे. गाडीवर काहीही चिकटवलं की तो गिऱ्हाइकाला बजावतो: टेप नीट धरायला चोवीस तास लागतात, तोवर गाडी धुवायची नाही, पळवायची नाही आणि कौतुकानं हात तर अजिबात लावायचा नाही.

बरं, एवढ्यावर भागत नाही. स्पॉयलर, म्हणजे डिकीवरचा तो शोभेचा पंख, बोल्टांनी आवळला की तो त्याला दोरी बांधतो, बंपरला पाय लावतो आणि भर रस्त्यात मागे रेलून ओढतो. बावीस वर्षांत त्याच्या हातची एकही वस्तू निघालेली नाही. हे तो दिवसातून चारदा सांगतो, पण खरं असल्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

एका रविवारी सकाळी त्याचे भावोजी गाडी घेऊन हजर झाले. शेजारी ताई आणि मागच्या सीटवर दुलईत गुंडाळलेला, तान्ह्या बाळासारखा निजवलेला स्पॉयलर. भावोजी ऑफिसात हेडक्लार्क. तिथल्या कुणीतरी त्यांच्या गाडीला साबणाची पेटी म्हटलं होतं आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नसे, ताईचा तर नाहीच. "तुला झेपायचं नाही," हे त्यांचं लग्नापासूनचं उत्तर. स्वतः मात्र गाडी मागे घ्यायची तर चार खेपा आणि निम्मी गल्ली मार्गदर्शनाला.

'चोवीस तास'नं डिकी पाहिली आणि तिच्या उजव्या कोपऱ्यावर उगाचच फडकं फिरवलं. त्याला कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी भावोजी तीन महिने परगावी ट्रेनिंगला गेले, तेव्हा याच गाडीवर त्यानं ताईला गाडी शिकवली होती. ताई झटक्यात शिकली, लायसनही काढलं आणि शिलाई मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवून दिलं. फक्त एके दिवशी गाडी मागे घेताना डिकीचा उजवा कोपरा फाटकाच्या खांबावर जाऊन बसला. भावोजी दोन दिवसांत परतणार होते. पत्रा ठोकून सरळ करायला वेळ नव्हता, म्हणून 'चोवीस तास'नं मागच्या गल्लीतल्या डेंटरकडून खड्ड्यात पुट्टी भरून घेतली आणि वर असा रंग मारून घेतला की प्रत्यक्ष मालकानं फसावं. मालक फसलेही. त्यानंतर भावोजी गाडी जपायची म्हणून बसनं ऑफिसला जात आणि इकडे ताई गाडी घेऊन गावभर. गाडी हल्ली पेट्रोल फार पिते, म्हातारी झाली बिचारी, असं भावोजी कळवळून सांगत.

आता स्पॉयलरचे बोल्ट नेमके त्या कोपऱ्यातून जाणार होते. पुट्टीत बोल्ट म्हणजे चिखलात खुंटी.

त्यानं सुचवून पाहिलं, भोकं कशाला पाडायची, चांगल्या गाडीला उगाच गंज, नुसत्या टेपवर बसवू. भावोजी चकितच झाले. "अरे, नुसत्या टेपवर स्पॉयलर म्हणजे पतंग, असं तूच म्हणतोस ना?"

स्वतःचेच शब्द ते, गिळणार कसे? त्यानं कागदी टेप लावून खुणा केल्या, तीनदा मापं घेतली, मग चौथ्यांदाही घेतली. ताई टांगलेली सीटकव्हरं इतक्या बारकाईनं पाहत होती, जणू सगळी विकतच घेणार. शेवटी ड्रिल मशीन सुरू झालं. डाव्या भोकातून पत्र्याचा चकचकीत कीस आला. उजव्या भोकातून भुरभुर पीठ.

"हे पीठ कुठून आलं?" भावोजींनी चष्मा वर केला.

रंग जुना आहे, असं सांगून बोल्ट आवळता आला असता. महिनाभर कुणाला काही कळलं नसतं. मग एखाद्या दिवशी भर वेगात पुट्टी फुटली असती आणि स्पॉयलर मागून येणाऱ्या कुणाच्या तरी काचेवर. त्यानं मशीन खाली ठेवलं.

"भावोजी, इथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मीच भरून घेतली. गाडी माझ्याकडून ठोकली गेली होती."

"खोटं नको बोलूस, बाळ," ताई सीटकव्हरांकडे पाठ करून म्हणाली. "गाडी मी ठोकली. सहा वर्षं चालवतेय मी."

भावोजी स्टुलावर बसले. चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं. मग त्यांना जे सुचलं ते असं:

"म्हणजे पेट्रोल..."

"मीच प्यायले," ताई म्हणाली.

समोरच्या सलूनमधला न्हावी इतक्या जोरात हसला की खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं आधी आपला कान चाचपून पाहिला.

भावोजी मात्र फुगले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. 'चोवीस तास' हळूच म्हणाला की पुट्टी खरवडून आतून नवा पत्रा जोडावा लागेल, त्याशिवाय तो काही बोल्ट लावणार नाही. भावोजी उठले आणि डेंटरकडे नेण्यासाठी गाडी मागे घेऊ लागले. एकीकडे पाण्याचा टँकर, दुसरीकडे विजेचा खांब. पहिली खेप फसली, दुसरी फसली. तिसऱ्या खेपेला न्हावी कात्री घेऊन मार्गदर्शनाला बाहेर आला.

ताईनं काचेवर टकटक केलं. "जरा सरका."

ते सरकले. मान खाली घालून, पण सरकले, शेजारच्या सीटवर. ताईनं मागे वळून पाहिलं आणि टँकर आणि खांब यांच्यामधून गाडी एका दमात बाहेर काढली. न्हाव्याची कात्री हवेतच राहिली. भावोजींना काहीतरी म्हणणं भागच होतं. "आरशात बघत जा गं," ते म्हणाले.

चार दिवसांनी गाडी नवा पत्रा जोडून, रंगून आली. 'चोवीस तास'नं भोकांच्या कडांना गंजरोधक लावलं, रबरी वॉशर घातले, टेप दाबली, बोल्ट आतून एकेक आटा करत आवळले. दोरी ओढायचा मान या वेळी भावोजींना. त्यांनी अंगातलं सगळं बळ लावलं. हँडब्रेक लावायला कुणीतरी विसरलं होतं, त्यामुळे गाडी त्यांच्या अंगावर आली. पण स्पॉयलर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर चोवीस तासांनी दोघं गाडी न्यायला आली. ताई स्टिअरिंगवर बसली. भावोजी मागे उभे राहून एक डोळा मिटून स्पॉयलर सरळ दिसतो का ते पाहत होते. अगदी सरळ होता. गाडी वळणापर्यंत गेली तरी सरळ दिसत होता. ती वळून दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपलं बसायचं राहिलंय.