यातली माझी कोणती, सांगा

एकदा पाहिलेला बैल मी दोन वर्षांनी दुसऱ्याच्या दावणीला ओळखतो. शिंगाचा बाक, कपाळावरचा भोवरा, चालताना पाय कसा टाकतो, एवढं मला पुरतं. म्हणून आठ महिने समोर बसलेलं लेकरू जिला ओळखता येत नाही, त्या बालवाडीच्या बाईला मानधन कशाचं देतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजून सुटलेला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बैलांची दलाली करायचो. चौथी नापास, पण घर, विहीर आणि चार एकर स्वतःच्या जिभेवर कमावलेले. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागच्या खोलीत बालवाडी भरायची. तीसेक लेकरं, एक फळा, सुकडीचं पोतं आणि बाई. बाई मॅट्रिक झालेल्या आणि सरपंचाच्या नात्यातल्या. दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायच्या आणि स्वेटर विणायच्या. आमच्याकडे थंडी दोन महिने, यांचं विणकाम बारा महिने. लेकरांना त्यांनी शिकवलेला धडा एकच: हाताची घडी, तोंडावर बोट.

एका बाजाराच्या दिवशी देवळापुढच्या मैदानात रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून मी भाव ठरवत होतो. सौदा शेवटाला आला होता. तेवढ्यात समोरच्या बैलाच्या मागच्या पायांमधून माझी मुलगी चालत आली. साडेचार वर्षांची. तो बैल लाथरा होता, मागे कुणी आलं की लाथ झाडायचा, मला ठाऊक होतं. मीच त्याचा तो गुण लपवून भाव लावत होतो. रुमाल टाकून धावलो, तिला उचललं आणि तसाच बालवाडीत गेलो.

बाई पाठमोऱ्या. मी दारातूनच विचारलं, "बाई, लेकरं समदी हायेत का?"

"हायेत की."

"माझी पोरगी?"

"बसली असंल तिकडं कोपऱ्यात."

मान वळवली नाही. पोरगी माझ्या कडेवर होती.

मग मी देवळाच्या भिंतीलाही ऐकवू नये ते बोललो. संध्याकाळपर्यंत गावात चर्चा झाली ती माझ्या जिभेची. लेकरू बैलांच्या पायात सापडलं, हे कुणाच्या तोंडी नाही. सरपंच म्हणाले, "बाईमाणसाला असं बोलतेत का? आन् हजेरीत तर तुमच्या पोरीची हजेरी बराबर लागलेली हाय." चूक माझीच. सौद्यात राग दाखवला की माल गेला, हे बैलांच्या बाबतीत मी कधी विसरलो नव्हतो.

त्याच आठवड्यात शिरड शहापूरची माझी बहीण राहायला आली. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची. पण माझी गोरी, दोन वेण्यांची. भाची सावळी, आणि उवा झाल्या म्हणून डोकं तासलेलं. बाजारात रात्रीतून बैल बदलणारे लोक मी पाहिलेत, पण ते निदान रंग तरी जुळवतात. मी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. माझी मुलगी घरी ठेवली आणि तिच्या जागी भाची पाठवली.

पहिल्या दिवशी भाची घरी येऊन म्हणाली, "मामा, एक पोरगं म्हन्लं, बाई, ही ती न्हाई. बाईनं त्यालाच तोंडावर बोट ठिवाया लावलं."

तीन दिवस भाची गेली. तीन दिवस हजेरी माझ्या मुलीची लागली.

चौथ्या दिवशी मी तक्रारीचा कागद लिहवून घेतला, सरपंचाला बोलावलं, आणि सुटायच्या वेळी दोन्ही मुली बाईंसमोर उभ्या केल्या. आवाज चढवला नाही.

"बाई, यातली माझी कोणती, सांगा."

बाईंनी चष्मा पुसला. दोघींकडे पाहिलं आणि टक्कल केलेल्या भाचीवर बोट ठेवलं. "ही. रोज येती की."

जमलेले लोक हसले, पण बाईंना नाही. सरपंच म्हणाले, "दलाल, बैल पुरले न्हाईत व्हय? आता लेकरं बदलून राहिला." आणखी हसले. मी कागद पुढे केला, सह्या-अंगठे मागितले. कुणी हात पुढे करेना. एक मजूर बाई पोराला घ्यायला आली होती, ती म्हणाली, "दादा, तुमची मालकीण घरी ऱ्हाती. आमी निंदायला जातो. ही खोली बंद पडली तर लेकरं बांधावर निजवू? तिथं इच्चू-काटा हाय."

माझी एक मुलगी वाचवायला तीस लेकरं उन्हात बसवायची, इतका मी गेलेला नव्हतो. मी कागदाची घडी केली आणि बाईंशी सौद्याला बसलो.

"शिकवू नका. गाणी म्हनू नका. इणा खुशाल. पर सुटताना दारात उभं ऱ्हायचं, एकेकाचं नाव घ्यायचं, त्याचं तोंड पाहायचं आन् घरच्या माणसाच्या हातात द्यायचं. मधी दाराला कडी."

"रोज?" बाईंनी असं विचारलं, जसं मी त्यांना नांगराला जुंपायला निघालो होतो.

"रोज. न्हाई तर हा कागद हिंगोलीच्या हापिसात जातो. आंगठा माझा एकट्याचा असला तरी जातो."

सरपंचांनी बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. ठरलं.

बाईंनी ते केलं. सुया काखेत धरून, रेशनच्या दुकानात नंबर पुकारावा अशा कोरड्या आवाजात. बाजाराच्या दिवशीही सौदा सोडून मी पलीकडच्या पाराजवळ उभा राहून खात्री करायचो. एकही नाव त्यांनी मायेनं घेतलं नाही. पण माझी मुलगी दाराशी पाय जोडून उभी राहायची, आपलं नाव येईपर्यंत हलायची नाही, आणि आलं की घरापर्यंत सांगत यायची, "बाईनं माझं नाव घेतलं."

ती आता माहेरी आली की बाईंच्या पाया पडून येते. मला म्हणते, "बाबा, बाईंना अजून माझं नाव आठवतं." आठवणारच, मी आठवायला लावलं होतं. मी काही तिच्याबरोबर जात नाही. गावाला मात्र बाई सज्जन वाटतात, आणि मी लेकरं बदलणारा दलाल.