लांब स्क्रू

संग्रहालयातली छोटी रेल्वे सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टेस्टरबाई म्हणत, कारण त्यांच्या अंबाड्यात कायम टेस्टर खोचलेला असे. बावीस वर्षं त्यांनी ती गाडी चालती ठेवली. मग नव्या दालनाच्या उद्घाटनाला, भर पाहुण्यांत, हातभर लांबीचं हिरवं इंजिन बोगद्याजवळच्या वळणावर अडलं आणि त्यातून धूर आला. विभागाचे साहेब पाहुण्यांना म्हणाले, “बाईंचं सोल्डरिंग कच्चं राहिलं.” कुणी इंजिन उघडूनही पाहिलं नाही. ते कपाटात गेलं आणि बाईंची नोकरी गेली.

पुढची अकरा वर्षं त्यांनी घरीच पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून दिली. “इंजिन जाळलं त्या बाई ना?” असं गिऱ्हाईकं विचारायची. बाई मान खाली घालून तार गुंडाळत राहायच्या, पण साहेबांचं ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं.

एके दिवशी संग्रहालयाच्या नव्या संचालिकेचा फोन आला. साहेब निवृत्त होत होते आणि निरोप समारंभात त्यांना तेच इंजिन चालताना बघायचं होतं. दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते.

“ताई, नको जाऊस,” धाकटी बहीण म्हणाली. “विसर आता.”

“तुला विसरता येईल. तुला नाही घालवून दिलं कुणी.”

बाई गेल्या. त्यांनी जळालेली मोटार भरली, तिचे झिजलेले कार्बन बदलले, चाकांवरची काजळी पुसली. इंजिन उलटं धरून वीज दिली, तर चाकं गरगर फिरली. सरळ रुळांवरही ते छान धावलं. वळणावर मात्र खाड्कन थांबलं आणि रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरचा लाल दिवा लागला, म्हणजे कुठेतरी शॉर्ट होत होतं. बाईंनी वरचं पत्र्याचं कवच काढून नुसता सांगाडा सोडला. त्याने वळण आरामात घेतलं.

म्हणजे दोष कवचात होता. बाईंनी ते उपडं केलं. आत डोकावणारे तीन स्क्रू बुटके होते, चौथा बोटाच्या पेराएवढा लांब. वळणावर कवच जरासं कलायचं आणि त्या स्क्रूचं टोक मोटारीच्या तारेच्या उघड्या जोडाला टेकायचं. टोक काळं पडलं होतं. स्क्रूने बाहेरच्या बाजूला एक पितळी पाटी धरली होती. पाटीवर साहेबांचं नाव होतं. ती उद्घाटनाच्या सकाळी साहेबांनी स्वतः बसवली होती. बाईंनी तेव्हा विचारलंही होतं, “मी बसवू का?” तर ते म्हणाले होते, “एवढं मला जमतं.”

बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि कितीतरी वेळ त्या स्क्रूकडे बघत हसत राहिल्या.

संचालिकेला त्या इतकंच म्हणाल्या, “इंजिन तयार आहे. दोष काय होता ते समारंभात दाखवते.”

समारंभाला साहेबांची बायको, मुलगी, सगळा कर्मचारीवर्ग आला होता. साहेबांनी हसत विचारलं, “काय बाई, या वेळी सोल्डरिंग पक्कं ना?”

“पहिल्यापासून पक्कंच होतं, साहेब. बघा.”

पाटीसकट इंजिन निघालं, वळणावर थांबलं, लाल दिवा लागला. बाईंनी लांब स्क्रू काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि पाटीवाचून इंजिन पुन्हा सोडलं. ते बोगद्यातून पलीकडे गेलं, पूर्ण फेरी मारून आलं.

“ही पाटी कुणी बसवली होती, साहेब?”

“बाई, हे आपण आत ऑफिसात बोलू,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“तेव्हा मला कुठे आत बोलावलं होतं तुम्ही?”

“बाबा, तुम्ही बसवली होती?” मुलीने विचारलं.

“हो,” साहेब म्हणाले. “मीच.”

बाईंनी दुरुस्तीची वही पुढे सरकवली. साहेबांनी खाली मान घालून लिहिलं: इंजिन माझ्या स्क्रूमुळे जळलं, बाईंची चूक नव्हती. पेन थांबल्यावर बाई म्हणाल्या, “तारीख तेव्हाची घाला, आणि खाली आजची.” त्यांनी तीही घातली. मुलगी रडवेली झाली होती. बाईंना ते दिसलं, तरी त्यांनी वही सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली.

संचालिकेने नोकरी परत देऊ केली. बाईंनी ती घेतली.

घरी बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पोरीसमोर तरी नको होतंस करायला. आता शांत वाटतंय का?”

“शांत नाही गं,” बाई चपला काढत म्हणाल्या. “पण मजा आली. फार मजा आली.”