तळ्याचा घुंगटो

रुपीबाईला पसारा बघवत नाही. स्वतःचं अंगण झाडून झालं की तिचा झाडू शेजारच्या अंगणात शिरतो, आणि शेजारीण काही म्हणायच्या आत तिचीही चूल सारवून झालेली असते. आर्णीच्या पलीकडे त्यांचा बंजारा तांडा आहे. तिथल्या बायका तिला पाठीमागे हसतात, पण कुणाकडे लग्न निघालं की पहिला निरोप तिलाच जातो. साठी ओलांडली तरी बाई एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. मला विचाराल तर असं एक तरी माणूस प्रत्येक गावात असावं, फक्त आपल्या शेजारी नसावं.

तांड्याच्या उशाला एक तळं आहे. बैलांवर मीठ आणि धान्य लादून हिंडणाऱ्या वाडवडिलांनी ते मुक्कामातल्या गुरांसाठी खणलं, आणि पुढे त्यांची नातवंडं तिथेच शेतं करून राहिली. त्यात कमळं इतकी माजलेली, की पाणी शोधावं लागे. काठावरचे करंजही पाण्यावर पार ओणवे झालेले. तीन वर्षांपूर्वी तीजच्या सणाला पोरी कुरकुरल्या. नऊ दिवस जपलेल्या गव्हाच्या रोपांच्या टोपल्या घेऊन पाण्यात उतरावं तर पायात वेल अडकतात, चिखलाने नवे कपडे खराब होतात. रुपीबाईला एवढं निमित्त पुरेसं होतं. तिने बायका गोळा केल्या, कमळं मुळापासून उपसली, करंज तोडायला लावले आणि काठ चोपून सपाट केला. तळं लख्ख झालं. पोरींनी तीजचा व्हिडिओ काढला, तो पार हैदराबादपर्यंत नातेवाइकांनी बघितला. तांड्याचा नायक देवीलाल, त्यानेही चारचौघांत रुपीकाकीचं तोंड भरून कौतुक केलं.

उन्हाळे तर आता असे झालेत, की पारा कुठे थांबेल याचा नेम नाही. पूर्वी चैत्रातही पहाटे त्या पाण्यात हात घातला की अंगावर काटा यायचा. आता रात्र सरली तरी पाणी निवत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते हिरवं पडायला लागलं. यंदा तर त्यावर रंग ओतल्यासारखी साय आली आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. मग एक दिवस तांड्यातल्या पुष्पाची दुभती म्हैस तिथे पाणी प्यायली आणि संध्याकाळपर्यंत आडवी झाली ती उठलीच नाही. गुरांचे डॉक्टर आले. तापलेल्या, साचलेल्या पाण्यात ही हिरवी साय धरते आणि तिच्यात विष असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. पुष्पाने त्या म्हशीला पारडू असल्यापासून वाढवलेलं. ती दोन दिवस जेवली नाही. देवीलालने बैठक बोलावली आणि तळं मुरूम टाकून बुजवायचं ठरलं. गुरांना हौद आहेच, तळ्याच्या जागी लग्नाच्या मांडवाला मैदान होईल. कुणी विरोध केला नाही. रुपीबाईसुद्धा गप्प राहिली.

त्याच आठवड्यात तिच्या मुलाचा, बादलचा फोन आला. तो लष्करात ड्रायव्हर आहे, सध्या लडाखकडे. आईला करमावं म्हणून त्याने फोन फिरवून डोंगराखालचं एक तळं दाखवलं. एवढ्या थंडीच्या मुलखातलं तळं, पण त्यावर बर्फाचा तुकडा नव्हता. तिथले म्हातारे त्याला सांगत होते, की आधी बर्फ खूप उशिरापर्यंत राहायचा, आता लवकर वितळतो. मग पाणी जास्त दिवस उन्हात उघडं पडतं, तापतं आणि तळाशी शेवाळ माजतं. काही तळ्यांखालची गोठलेली जमीनच सैल होते आणि पाणी खाली मुरून जातं. रुपीबाईला यातलं निम्मं कळेना. बर्फ तर गार, तो गेला तर पाण्याचं काय बिघडतं, असं तिने विचारलं. तेव्हा बादल आपल्या गोरबोलीतला शब्द वापरून बोलला.

"याडी, बरफ म्हंजे तळ्याचा घुंगटो समज. तोंडावरचा घुंगटोच काढला, त ऊन लागनच ना."

घुंगटो म्हणजे डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला पदर. हा शब्द तिने जन्मभर स्वतःच्या डोक्यावर वागवलेला. फोन बंद झाला तरी ती तशीच बसून राहिली. मग चुलीवरची भाकरी करपत असताना उठली आणि नायकाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथे माणसं बसली होती. खरं तर ती गप्प बसली असती तरी चाललं असतं. दोष उन्हाळ्याचा होता, त्यात खोटंही काही नव्हतं, आणि कमळांची कुणाला आठवणही नव्हती. पण ती रुपीबाई होती.

"तळ्याचा घुंगटो म्या काढला, नायक. कमळं म्या उपसली, झाडं म्या तोडवली. पुष्पाची म्हैस माह्या सफाईनं मेली. मले मिरगापर्यंत टाइम द्या, मंग तुमाले पटन ते करा."

देवीलाल म्हणाला, मिरगाच्या दिवशी गुरं तिथे पाणी प्यायली तर तळं राहील, नाही तर मुरूम पडेल.

मग त्या बाईने जे केलं ते बघायला हवं होतं. राळेगावकडे तिचं माहेर. तिथल्या तळ्यातून कमळाचे कंद ओल्या पोत्यांत बांधून तिने एसटीने आणले, आणि सीटखाली चिखल झाला म्हणून कंडक्टरने तोंडसुख घेतलं ते हसून ऐकून घेतलं. तळ्याच्या उथळ कोपऱ्यावर बांबू रोवून तुराट्यांचा मांडव घातला. दुपारचं ऊन मांडवावर, सावली पाण्यावर. काठाने करंज लावले आणि हौदावरून हंडे वाहून जगवले. रोज उजाडताना जुन्या मच्छरदाणीचं एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं धरून पाण्यात शिरायचं आणि हिरवी साय ओढून काढायची. हातांना खाज सुटायची, रात्री पाय वळायचे. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग हळूहळू बायका मदतीला येऊ लागल्या. पुष्पा तेवढी आली नाही. नायकाच्या अंगणातल्या त्या कबुलीनंतर ती रुपीबाईशी एक शब्द बोलली नव्हती, आणि रुपीबाईलाही ते बरोबरच वाटत होतं.

मिरगाच्या सकाळी सारा तांडा काठावर जमला. मुरमाचा ट्रॅक्टर रस्त्यावर उभाच होता. पाणी खरंच निवळलं होतं, कमळाची पानं वर आली होती आणि मासे धापा टाकत नव्हते. आणि गर्दीतून पुष्पा आपली दुसरी म्हैस घेऊन पुढे आली. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, पण देवीलालच्या तोंडावर हसू आलं. आता निकाल लागल्यातच जमा होता.

म्हशीने मान खाली घातली, तोच रुपीबाईने झेप घेऊन दावं धरलं. रात्रीच्या वाऱ्याने ढकललेली एक पातळ हिरवी रेघ दगडांच्या कडेला आली होती. इतरांच्या लक्षातही आली नसती.

"आज नोको, पुष्पा. अजून इख हाये."

म्हशीचा एक घोट, तळं वाचलं असतं, आणि म्हशीला कदाचित काही झालंही नसतं. आपण काय गमावलं हे रुपीबाईला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने दावं सोडलं नाही.

पुष्पाने तिच्या हातातून दावं घेतलं, म्हशीला वर नेऊन हौदाजवळ बांधलं आणि परत आली. साडीचा ओचा खोचून ती पाण्यात उतरली, मच्छरदाणीचं खुंटीला बांधलेलं टोक तिने सोडून घेतलं आणि मागे न वळता म्हणाली, "नायक, टॅक्टर वापस धाडा. माही म्हैस इथंच पानी पेनार हाये. पन काकी सांगन तवा."