दोन पायडलांमधली कडी

बायकोने दोनदा शपथ घातली, तरी हे माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही ना माझ्या भावकीतले, ना देवळ्याचे. फक्त ऐकताना मान हलवू नका. तुमची कीव मला नको.

आमच्या घरी एक जुनापुराणा ट्रॅक्टर आहे. वडिलांनी घेतला तोच जुना होता. ते गेल्यावर थोरल्या भावाच्या — दादाच्या — शेडमध्ये गंजत पडला. देवळ्यात माझं गॅरेज. तिथली कामं सांभाळून आठ महिने मी त्या इंजिनाशी झटलो आणि ते चालू केलं. मग नाशिकहून, इंदिरानगरमधून, दादाचे मित्र बघायला आले. मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. दादा बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "लय मेहनत घेतली मी. मंग कुठं चालू झाला." मी मागे पाना घेऊन उभा. एकाने विचारलं, हे कोण? दादा म्हणाला, "मिस्तरी हाय आमचा."

भाऊ म्हणाला असता तर जीभ झडली असती का त्याची?

दसरा आठवड्यावर आला होता. झेंडूच्या माळा घालून दादा ट्रॅक्टर गावातून फिरवणार, अंगणात आणणार आणि वहिनी ओवाळणार, असं ठरलेलं. ब्रेकचे झिजलेले लायनर बदलायचं काम अर्थात मिस्तरीकडे. डाव्या चाकाचा ड्रम उघडला, तर आत तेलाचा ओघळ. एक्सलचं रबरी सील गेलेलं. सील गेलं की तेल लायनरवर उतरतं आणि त्या चाकाचा ब्रेक धरत नाही — हे कुठल्याही मिस्तरीला कळतं. नवं सील माझ्या दुकानात फळीवर होतं. मी तेल पुसलं, जुनं सील तसंच ठेवून नवे लायनर बसवले, बोल्ट आवळले. त्या दिवशी ब्रेक झकास लागला. चार दिवसांनी लागणार नाही, हे मला ठाऊक होतं.

काय हवं होतं मला? चारचौघांत ट्रॅक्टर वाकडा जावा, दादाची फजिती व्हावी — एवढंच. एवढंच, असं मी स्वतःला सांगत आलो. पण फाटकापासून अंगणापर्यंतचा उतार मला माहीत नव्हता? त्यावरच खेळून मोठा झालो. वहिनी ताट घेऊन कुठे उभी राहते, तेही माहीत होतं. उजवीकडे, तुळशीपाशी.

त्या ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं आहेत, मागच्या दोन चाकांना एकेक. शेतात वळताना एकच दाबायचं, की ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो. रस्त्यावर मात्र दोन्ही कडीने जोडून घ्यायची. दादाने कडी लावली होती. उतारावर त्याने ब्रेक दाबला. उजवं चाक धरलं, डावं नाही. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे वळला आणि पुढचं चाक वहिनीच्या पावलावरून गेलं.

दादा उडी मारून तिच्याकडे धावला. सगळेच धावले. मीही धावलो — पण आधी ट्रॅक्टरकडे. वाकलो, आणि कडी काढली. मग वहिनीला उचललं.

हो, या क्रमाने.

दवाखान्यातून आल्यावर दादाने पायडलांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. "लावली व्हती ना रे मी कडी? तू सांग."

"मोकळीच व्हती, दादा," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजवर नेला आणि गुपचूप सील बदललं.

वहिनी आता काठीशिवाय चालत नाही. मला म्हणते, "भाऊजी, तुम्ही व्हते म्हणून दवाखान्यात येळेवर पोचले." दादा दर दसऱ्याला सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. आल्यागेल्याला आता माझी ओळख करून देतो — हा माझा भाऊ. तरी माझा राग गेला का? नाही. तो रडतो, त्याचाही मला राग येतो.

गेल्या दसऱ्याआधी तो ट्रॅक्टर घेऊन गॅरेजवर आला. म्हणाला, "दोन्ही पायडलं कायमची जोडून टाक. परत कुनी कडी इसरायला नको."

वेल्डिंग मीच केलं.